आणि डाव्या हाताचं काय?

प्रश्न : नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसात त्या अकरा वर्षं काम करतात. बागांच्या नोंदी, पेट्यांचे आकडे, निर्यातीची कागदपत्रं, इंग्रजी मेल आणि शेतकऱ्यांना जाणारी मराठी पत्रं हे त्यांचं काम. गेल्या मार्चमध्ये कामावर जाताना हायवेवर स्कूटर घसरली आणि उजव्या खांद्यातल्या नसांच्या जाळ्याला मार बसला. शस्त्रक्रिया झाली, फिजिओथेरपी चालू आहे, पण उजवा हात अजून कामाचा नाही. ऑगस्टपासून त्या पुन्हा रुजू झाल्या. पूर्वी इंग्रजीत मिनिटाला ४५ आणि मराठीत ३५ शब्दांचा वेग होता, आता डाव्या हाताने जेमतेम १२. ऑफिसात नवी आलेली मुलगी त्यांचे मेल टाइप करून देते. ‘रोज तिच्यापुढे हात पसरल्यासारखं वाटतं,’ असं त्या लिहितात. भाऊ बंगळूरला असतो, तो परदेशातून एका हाताचा खास कीबोर्ड मागवून द्यायला तयार आहे. सासूबाईंचं म्हणणं, आता घरीच राहा. त्यांचा प्रश्न असा : ‘कोणता कीबोर्ड घेऊ, म्हणजे जानेवारीत हंगाम सुरू होईपर्यंत माझा जुना वेग परत येईल?’ आणि अगदी शेवटी : ‘हे पत्र टाइप करायला दीड तास लागला. डावा हात हल्ली रात्री बधिर होतो, पण ते चालायचंच.’

ताई,

तुम्ही कीबोर्डबद्दल विचारलंय आणि त्याचं उत्तर मी देणार आहे, अगदी नावानिशी. पण माझी नजर अडकली ती तुमच्या शेवटच्या ओळीवर. डावा हात रात्री बधिर होतो आणि ते चालायचंच? नाही ताई, ते चालायचं नाही. सगळ्या पत्रात मला काळजीची वाटली ती हीच गोष्ट, आणि तुम्ही ती जाता जाता, दारात चपला घालताना सांगावी तशी सांगितलीत.

मार्चपासून तो डावा हात काय काय करतोय ते बघा. वेणी घालतो, बादली उचलतो, कणीक मळतो, बसमध्ये दांडा धरतो, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडतो, आणि मग ऑफिसात बसून दोन हातांचं टायपिंग करतो. त्याला आराम देणारा दुसरा हात आज नाही. रात्री बोटं बधिर होणं, मुंग्या येणं हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण असू शकतं, मानेकडूनही असू शकतं. ते काय आहे हे मी इथून सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील. म्हणून कीबोर्डची ऑर्डर देण्याआधी फिजिओथेरपीच्या पुढच्या वेळेला त्यांना एवढं सांगा : उजव्याबद्दल नंतर बोलू, आज डावा बघा. रात्री कुठली बोटं बधिर होतात तेही लक्षात ठेवून सांगा. अंगठा आणि त्याच्या शेजारची, की करंगळीकडची, यावरून त्यांना बरंच कळतं. शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवायला सांगा. हात रोजच्या कामाला कसा लावायचा, टेबल-खुर्ची कशी हवी, हे बघणं हेच त्यांचं काम असतं.

नव्या कीबोर्डवर सराव म्हणजे त्याच हातावर आणखी भार. आजार तसाच ठेवून सराव केलात तर हंगामाच्या ऐन मध्यावर डावा हातही बसेल. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका भीतीपोटी आहे.

आता तुमच्या पत्राचा हिशेब मांडते, रागावू नका. पत्र साधारण सहाशे शब्दांचं आहे. बारा शब्दांच्या वेगाने त्याला पन्नास मिनिटं लागायला हवी होती. लागली नव्वद. मग वरची चाळीस मिनिटं कुठे गेली? मी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं. त्यात एकही चूक नाही. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. तुम्ही ‘चुका पोटात घाला’ असं लिहिलंत आणि पोटात घालायला एक चूक ठेवली नाहीत. म्हणजे प्रत्येक चूक दिसली की तिथेच थांबून, मागे जाऊन, खोडून, पुन्हा टाइप केलंत. एका हाताने टाइप करणाऱ्याला सगळ्यात महाग पडतं ते हे मागे जाणं. आधी परिच्छेद होऊ द्या, मग एकदम दुरुस्त करा. तुमच्यासारख्या नेटक्या माणसाला लाल रेघ दिसत असताना पुढे जायला जड जाईल, मला माहीत आहे. मग ती लाल रेघ दाखवणारी सोय लिहीपर्यंत बंद ठेवा. नवीन काहीही न घेता यातून तुमचा बराच वेळ सुटेल असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट विचारते. ४५ शब्द तुमच्याकडे कोणी मागितलेत? पत्रात मालक काही बोलले असं कुठे नाही. उलट त्यांनी ऑगस्टमध्ये तुम्हाला परत बोलावलं. हा आकडा आपल्या डोक्यात बसलाय तो टायपिंग क्लासमधून. आपल्याकडे लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीत ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांची अट असते, सर्टिफिकेट त्यावर मिळतं, आणि मग तो आकडा जन्मभर आपल्या नावापुढे लागल्यासारखा वाटतो. पण पॅकहाउसच्या ऑफिसात दिवसभरात सलग मजकूर किती टाइप करता? तीन दिवस एका वहीत टिपून बघा : आकडे भरण्यात किती वेळ गेला, फोनवर किती, कागद जुळवण्यात किती, आणि नवीन वाक्यं लिहिण्यात किती. माझा अंदाज, शेवटचा भाग तुम्हाला वाटतो त्याहून बराच लहान निघेल. कुठल्या बागेचा माल कुठल्या तारखेला तपासणीला गेला, निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या ग्रेपनेटवर कुठल्या प्लॉटची नोंदणी अडकली आहे, हे अकरा वर्षांचं ध्यान त्या नव्या मुलीकडे नाही. तुमच्या खुर्चीची किंमत तिथे आहे.

मी नाशिकरोडला वाढले. वडिलांची छोटी टायपिंग इन्स्टिट्यूट होती, आठ मशिनं. मी शाळेत असताना एक तरुण चौकशीला आला होता. त्याला डावा हात मनगटापासून नव्हता. वडील मनाने फार चांगले, पण त्यांनी त्याला सरळ सांगितलं, ‘बाबा, परीक्षा दोन हातांची आहे, तुझे पैसे वाया जातील.’ तो गेला, आणि आठवड्याने पुन्हा आला. म्हणाला, परीक्षा द्यायची नाही, फक्त शिकायचंय. वडिलांनी त्याला कोपऱ्यातलं मशीन दिलं. शिकवायला कोणाला येत नव्हतं, म्हणून त्यानेच शोधत शोधत हात मशीनच्या मधोमध ठेवायला सुरुवात केली आणि तिथून दोन्हीकडे जायला लागला. पुढे तो कोर्टाबाहेर बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. परीक्षेतला चाळीसचा वेग त्याचा कधी झाला नाही. पण त्याच्याकडे पक्षकार थांबून राहायचे, कारण मजकूर कसा असावा हे त्याला विचारावं लागत नसे. वडिलांना ते ‘वाया जातील’ शेवटपर्यंत टोचत राहिलं. हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही. त्याने हात मधोमध ठेवला, ती युक्ती आज एका हाताने टायपिंग शिकवणारे लोक शिकवतात, म्हणून सांगितलं.

तर आता कीबोर्ड. तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली वाट त्या तरुणाची. साधाच कीबोर्ड, फक्त हाताचं घर बदलायचं. डाव्या हाताची करंगळी एफवर, अनामिका जीवर, मधलं बोट एचवर आणि तर्जनी जेवर. उजवा हात वापरणाऱ्यांनी याच्या उलट, तर्जनी एफवर आणि करंगळी जेवर. एफ आणि जेवर उंचवटे असतातच, त्यामुळे न बघता जागा सापडते. कुठल्याही कॉम्प्युटरवर, काहीही न बसवता चालणारी ही पद्धत आहे. मात्र हात सतत इकडून तिकडे फिरतो, म्हणजे खांद्यालाही काम पडतं.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटते, म्हणून ती नीट सांगते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात एडगर मटायस यांनी ‘हाफ-क्वर्टी’ नावाची पद्धत काढली. कीबोर्डचा अर्धाच भाग वापरायचा. स्पेसबार नुसता टिचकीसारखा दाबला तर नेहमीसारखी मोकळी जागा पडते. तो दाबून धरला आणि डावीकडचं बटण मारलं, तर उजवीकडचं त्याच्या समोरासमोरचं अक्षर उमटतं, आरशात दिसावं तसं. एफचा जे होतो, डीचा के होतो, ईचा आय होतो. ‘नाशिक’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा तर स्पेसबार धरून बी, म्हणजे एन आला. सोडून ए आणि एस. पुन्हा धरून जी, ई, डी, की एच, आय, के आले.

वाचताना हे किचकट वाटतं, पण बोटांना तसं वाटत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं उजव्या मधल्या बोटाने ‘के’ मारत आलात. आता डाव्या मधल्या बोटाने मारायचा. बोट तेच, फक्त हात दुसरा. मेंदूत ती ओळख आधीपासून असते, म्हणून दोन हातांनी न बघता टाइप करणाऱ्याला ही पद्धत लवकर बसते. मटायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आधीपासून टायपिंग येणारे लोक साधारण दहा तासांच्या सरावानंतर स्वतःच्या दोन हातांच्या वेगाच्या सुमारे ४० ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. तुमच्या ४५ चा हिशेब केला तर १८ ते ३१ शब्द होतात. त्यांचे हात दुखत नव्हते, तुमचा दुखतोय, हे मात्र विसरू नका.

यासाठी खास कीबोर्ड घ्यावा लागत नाही. ऑटोहॉटकी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये साध्या कीबोर्डवर हा आरसा बसवता येतो. तुमच्या भावाला परदेशातून पार्सल मागवण्याऐवजी एका रविवारी घरी बोलवा आणि हे काम द्या. त्याला एवढंच सांगा की अक्षर बदलू नकोस, बटणाची जागा बदल, म्हणजे मराठी टाइप करतानाही ते चालेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसवायला परवानगी आधी घ्या. आणि अंगठ्याकडे लक्ष ठेवा. स्पेसबार धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, तर त्याच दिवशी थांबा.

तिसरी वाट ड्वोरॅकची. ऑगस्ट ड्वोरॅक या अमेरिकन प्राध्यापकांनी दोन हातांची वेगळी मांडणी केली होती, तिचं पेटंट १९३६ चं. पुढे त्यांनीच फक्त डाव्या आणि फक्त उजव्या हाताच्या मांडण्याही केल्या, आणि त्या विंडोजमध्ये आजही फुकट मिळतात. नेहमी लागणारी अक्षरं एका हाताच्या टप्प्यात येतात, हाताची धाव कमी होते. पण तुमची जुनी ओळख सगळी पुसून पहिलीपासून शिकावं लागतं, आणि मराठीला तिचा काही उपयोग नाही. ज्यांना टायपिंग कधी येतच नव्हतं, एक हात कायमचा गेलेला आहे आणि काम मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यांनी हिचा जरूर विचार करावा. तुम्ही नको.

चौथी म्हणजे भाऊ म्हणतो ते खास यंत्र. ब्रिटनमधल्या माल्ट्रॉनचा एका हाताचा कीबोर्ड असतो, खोलगट वाडग्यासारखा, बोटांच्या लांबीप्रमाणे बटणं वरखाली केलेली. लिलियन माल्ट या टायपिंग शिकवणाऱ्या बाईंच्या अनुभवातून ही मांडणी आली आहे आणि हात फार कमी हलवावा लागतो. वस्तू उत्तम आहे. पण किंमत साध्या कीबोर्डच्या कितीतरी पट, वर कस्टम, आणि बिघडलं तर एमजी रोडवर कोण दुरुस्त करून देणार? शिवाय तो डाव्या किंवा उजव्या एकाच हाताचा बनतो. तुमच्या उजव्या हाताचा निकाल अजून लागलेला नाही. नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा, आठ महिन्यांत काही ठरवता येणार नाही हे दिसेल. सहा महिन्यांनी त्या हाताची दोन बोटं जरी थोडी हलायला लागली, शिफ्ट दाबण्यापुरती, तरी सगळं गणित बदलतं. म्हणून आज तो खर्च नको. ज्या वाचकांचा निकाल लागून गेला आहे, दिवसभर लिहिण्याचंच काम आहे आणि परवडतं, त्यांच्यासाठी माझं उत्तर वेगळं असेल. त्यांनी घ्यावा.

एकाच वेळी दोन-तीन बटणं दाबून एक अक्षर काढणारे छोटे कीबोर्डही असतात. त्यांची शिफारस मी तुम्हाला करत नाही, पण त्यांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला पहिल्यांदा माउस दाखवला. त्या वेळी त्यांचा एक हात माउसवर होता आणि दुसऱ्या हाताखाली पाच बटणांचा असाच कीबोर्ड होता. दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसाने एका हाताने लिहायचं ठरवलं होतं, कारण त्याला ते सोयीचं वाटलं. तुम्ही ऑफिसात उजवा हात ओढणीखाली ठेवता असं लिहिलंय, तेव्हा मला ते आठवलं.

आता टेबलाची मांडणी. ही फुकट आहे आणि माझ्या मते कीबोर्डाच्या निवडीहून हाताला जास्त आराम देईल. नेहमीच्या लांब कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग असतो. डाव्या हाताने तिथपर्यंत जायचं म्हणजे प्रत्येक आकड्याला अंग वळवायचं, आणि तुमचं अर्धं काम आकड्यांचं. आकड्यांचा वेगळा छोटा कीपॅड मिळतो, दुकानात सहज आणि स्वस्तात. तो घ्या आणि डाव्या हाताला ठेवा. मुख्य कीबोर्ड आकड्यांच्या भागाशिवायचा, लहान घ्या, आणि तो पोटासमोर न ठेवता डाव्या खांद्यासमोर येईल असा सरकवा. मधोमधच ठेवावा लागत असेल तर थोडा तिरका करा, उजवं टोक आपल्याकडे, म्हणजे मनगट वाकडं न होता कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ राहील. कीबोर्डाचे मागचे पाय मिटून तो सपाट ठेवा. कोपराला आधार हवा. उजवा हात लोंबकळत ठेवला तर खांदा ओढला जातो, म्हणून त्याला मांडीवर उशी द्यावी की खुर्चीचा हात, हे फिजिओला विचारून घ्या.

शिफ्ट बटण लागोपाठ पाच वेळा दाबा. ‘स्टिकी कीज’ नावाची सोय सुरू करायची का, असं विंडोज विचारेल, हो म्हणा. मग शिफ्ट किंवा कंट्रोल धरून ठेवावं लागत नाही, आधी ते दाबून सोडायचं, मग अक्षर. एका हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी करायची गोष्ट ही आहे, आणि कित्येकांना ती वर्षानुवर्षं कोणी सांगतच नाही. आरसा आणि स्टिकी कीज दोन्ही एकत्र नीट चालतात ना, हे भाऊ बसवून देईल तेव्हाच तपासून घ्या. माउस डाव्या बाजूला, कीबोर्डला अगदी लागून असू द्या, कारण कीबोर्ड ते माउस हा फेरा हाताला टायपिंगइतकाच दमवतो. कॉपी, कट, पेस्ट, अनडू यांची अक्षरं कीबोर्डच्या डाव्या बाजूलाच आहेत, ही तुमच्या डाव्या हाताची सोय.

आणि कमी टाइप करा. तुमची निर्यातीची पत्रं फिरून फिरून त्याच पंधरा-वीस वाक्यांची असणार. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये प्रत्येक वाक्याला दोन अक्षरांचं टोपणनाव द्या, ती दोन अक्षरं मारली की पूर्ण वाक्य येईल. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते. त्यात कंपनीचा पत्ता, बँकेचा तपशील कायमचा टाचून ठेवता येतो. एक्सेलमध्ये गावांची, द्राक्षांच्या जातींची नावं यादीतून निवडता येतील असं करून घ्या, म्हणजे ‘थॉमसन’ दिवसातून चाळीस वेळा लिहावं लागणार नाही. हे सगळं एकदा बसवायला चार-पाच दिवस जातील. ते हंगामाआधीच करा.

मराठीचं थोडं वेगळं आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत काना, मात्रा, वेलांट्या डावीकडे आणि म, न, व अशी थोडी सोडली तर व्यंजनं उजवीकडे. दोन हातांना ही मांडणी फार सुरेख, एक हात व्यंजन देतो, दुसरा स्वर. पण आरशाच्या पद्धतीत नेमकं हेच अंगठ्यावर येतं. ‘काका’ लिहायचं तर स्पेसबार धर, सोड, धर, सोड. एका शब्दाला चालेल, दोन पानांच्या पत्राला नाही. शिवाय ख, घ, थ सगळे शिफ्टवर. म्हणून मराठी पत्रं बोलून लिहा. मोबाइलच्या गूगल कीबोर्डमध्ये मराठी बोललेलं उमटतं, ही सोय २०१७ पासून आहे. पूर्णविराम आणि जोडाक्षरं तपासावी लागतात, आडनावं कधी कधी भलतीच येतात, पण सुधारणा करणं हे पूर्ण टाइप करण्याहून पुष्कळ हलकं काम आहे. ऑफिसात सगळ्यांसमोर मोबाइलशी बोलायचा संकोच वाटेल. सकाळी शेतकऱ्यांना फोन करता तेव्हा कोणाला वावगं वाटतं का? तितकंच हेही.

सराव दिवसातून दोनदा, पंधरा पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ऑफिसच्या मजकुरावर करू नका, घरच्या कशावर तरी करा, पाककृती उतरवा, आवडत्या अभंगांच्या ओळी रोमन अक्षरांत उतरवा. पहिले दहा-बारा दिवस वेग आजच्या बाराच्याही खाली जाईल. तेव्हा जुन्या एका बोटावर परत यायची फार ओढ लागेल. ऑफिसात त्या दिवसांत हवं तर जुन्याच पद्धतीने काम करा, पण घरी नवीनच. वेग आठवड्यातून एकदा मोजा, रोज नाही. मुंग्या आल्या की मिनिटं बाकी असली तरी उठा.

जानेवारीचं बोलायचं तर, तुम्ही द्राक्षातल्या माणूस आहात. फळ धरण्यासाठी केलेल्या गोडी छाटणीपासून घड तोडणीला यायला चार महिने लागतात हे तुम्ही मला शिकवाल. चाळिसाव्या दिवशी बागेत जाऊन कोणी गोडी तपासत नाही. तुमच्या हातात अडीच महिने आहेत. त्यात इंग्रजीत वीस-पंचवीस शब्द, न दुखता, ही मला रास्त अपेक्षा वाटते. हे मालकांशी आत्ता बोला, हंगामाच्या आदल्या आठवड्यात नाही. काय करता येईल, काय वेगळ्या तऱ्हेने करावं लागेल, आणि कीपॅड-कीबोर्डचा थोडका खर्च ऑफिसने करावा, हे सगळं एका कागदावर घेऊन जा.

तो खर्च मागण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वानुसार कामात वाजवी बदल आणि सोयी करून देण्याची कल्पना स्पष्ट लिहिली आहे, आणि समान संधीचं धोरण जाहीर करायला खासगी आस्थापनांनाही सांगितलं आहे. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांसाठी तर नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही की पदावरून खाली आणता येत नाही, असं संरक्षण आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. बरं होण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्रही मिळतं. त्याचा अर्ज ऑनलाइन करून तपासणी नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला करता येते. हे प्रमाणपत्र काढलं म्हणजे आपण उजव्या हातावर पाणी सोडलं, असं मनात आणू नका.

त्या नव्या मुलीबद्दल. ती मेल टाइप करून देते आणि तुम्हाला हात पसरल्यासारखं वाटतं. मला त्या मुलीच्या जागी बसून बघावंसं वाटलं. पहिला हंगाम, सगळी घाई, आणि कंटेनर निघायच्या दिवशी कागद कमी पडला तर कोणाला विचारायचं हे तिला माहीत नाही. तिला उघडपणे सांगा, ‘तू दिवसाला चार मेल टाइप कर, मी तुला निर्यातीचा एक एक कागद शिकवते.’ मग ती तुमच्यावर उपकार करतेय हा भाव दोघींच्याही मनातून जाईल. आणि तुमच्या डाव्या हाताचे तेवढे शब्द वाचतील.

सासूबाईंच्या ‘घरी राहा’ला आज उत्तर देऊ नका. त्या बहुधा तुमचा रात्रीचा त्रास बघत असतील. हाताला आराम पडला की त्यांचं म्हणणं बदलतं का ते बघू.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी डाव्या हाताबद्दल काय सांगितलं ते मला कळवा. मोबाइलवर बोलून पाठवा, आणि या वेळी काही दुरुस्त करायला बसू नका. भलतीसलती अक्षरं आली तरी मी लावून घेईन.